चढावरचा दगड

काल पुलावर कुणाच्या तरी गाडीची क्लच प्लेट जळाली आणि त्या वासानं मी थेट आमच्या गावच्या, दापोऱ्याच्या चढावर पोचले. तेव्हा रोज शहरात जायला आणि केळीची ट्रॉली ओढायला बाबा एकच पिकअप घेणार होते, तीही डिझेलची. धुराविरुद्ध पत्रकं वाटणारी मी सीएनजीवर अडून बसले होते.

"पत्रकानं ट्रॉली चढत नाही, बेटा," म्हणत त्यांनी चाचणीसाठी आणलेल्या सीएनजी गाडीला भरलेली ट्रॉली जोडली. चाकाखाली टाकायचा दगड घेऊन आई मागून चालत होती. अर्ध्या चढावर क्लच जळल्याचा वास सुटला, इंजिन बंद पडलं आणि ट्रॉली मागे सरकली. आईनं वाकून दगड टाकला. चाक तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

"डिझेलच घ्या!" मीच ओरडले.

आजही मी धुराविरुद्ध लिहिते. पण आधी बघते, दगड घेऊन मागून कोण चालतंय.