‘कन्हान’ कोणाची?

१९८८ साली सीताबर्डीतल्या एका छापखान्यात शामला रामटेके कॉम्प्युटरवर कामाला होती, आणि त्या वर्षी ती चिडली तितकी आयुष्यात कधी चिडली नव्हती.

‘कन्हान’ हा कॉम्प्युटरवर मराठी लिहून छापायचा प्रोग्राम. तो केला श्रीधर बोकडे सरांनी. सर मूळचे खाप्याचे, नागपुरात इंजिनीअरिंगच्या पोरांना शिकवायचे. गावच्या नदीचं नाव देऊन त्यांनी तो आतल्या सगळ्या कोडासकट फुकट वाटला. "घ्या, सुधारा, पुढे द्या," म्हणायचे. बुद्धविहाराची पत्रकं, खाप्याच्या विणकर सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सारं कन्हानवर निघू लागलं. मग सरांना मस्कतला नोकरी लागली आणि ते गेले ते गेलेच.

पुढे नवे प्रिंटर आले आणि कन्हानचे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसू लागले. विहाराचं काम पाहणारे लहानू मेश्राम पत्रक घेऊन छापखान्यात आले. "शामला, धम्म बराबर येते. कर्माचाच काहून खेळ करून राहिली हे मशीन?"

तिने सरांना पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी तिने स्वतःच कोड उघडला. बीएस्सीला गणित होतं, प्रोग्रामिंग तर ती सरांच्याच उन्हाळी वर्गात शिकली होती. तेव्हापासून कन्हान बिघडली की लोक तिच्याकडे फ्लॉपी घेऊन यायचे आणि सुधारलेली प्रत घेऊन जायचे. असं दोन वर्षं चाललं.

आणि एक दिवस पेपरात जाहिरात आली. रामदासपेठेतले व्यापारी मधुकरराव देवतळे आता कन्हानचे अधिकृत मालक होते. त्यांच्या प्रतीत कोड कुलूपबंद होता, आणि इतर कुणी कन्हान वाटू नये अशी तंबीही होती. शामलाने ती प्रत मिळवून पाहिली. रफार जागच्या जागी होते. तिच्या हातून राहून गेलेली एक चूकसुद्धा जशीच्या तशी होती.

ती तडक त्यांच्या ऑफिसात गेली.

"बेवारस पडलं होतं ते," मधुकरराव म्हणाले. "मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, घ्या."

"बेवारस? रोज मी पाहून राहिली होती त्याले."

"पण मालकी मागितली कोणी? मी."

डिसेंबरात सर सुट्टीवर खाप्याला आल्याचं सोसायटीच्या रुपरावांनी कळवलं. शामला बसने खाप्याला पोचली. रुपरावही सोबत सरांच्या घरी आले. सरांनी चहा पुढे केला. तिने कपाला हात लावला नाही.

"माझी पत्रं मिळाली नाहीत तुम्हाले?"

"मिळाली." सर खाली पाहत म्हणाले. "प्रत्येकात नवी तक्रार. माझ्याच्यानं होत नव्हतं गं. कोणीतरी सांभाळतो म्हणाला, सुटलो असं वाटलं."

"मग तसं लिहायचं होतं. मी थकलो, तू घे. इतकंही नाही झालं?"

"तू दुरुस्ती मागत होतीस. घेते असं कधी म्हणालीस?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिच्या अंगाची आग झाली. "जो राबते त्यानं हात पसरायचा, आन् ज्यानं बोट लावलं नाही त्याले तुम्ही फोनवर देऊन टाकता?"

रुपराव सावकाश बोलले, "श्रीधर, एकदा वाटलेलं वापस घेता येते का गा?"

"नाही."

"मग मधुकररावले काय देलं तुनं?"

"नाव," सर म्हणाले. "नुसतं नाव."

"ते राहू द्या त्याच्यापाशी," म्हणत शामला उठली.

दुसऱ्या आठवड्यापासून तिने आपली प्रत बिननावाची वाटायला सुरुवात केली, कोडासकट. मधुकररावांनी वकिलाची धमकी दिली. पुढे काहीच झालं नाही. बरेच छापखाने त्यांच्याकडे गेले, कारण त्यांचा माणूस दुरुस्तीला छापखान्यात यायचा. विहार आणि खापा मात्र तिच्याकडेच राहिले. लोक त्या प्रतीला ‘शामलाची’ म्हणू लागले. ती दर वेळी तोडून सांगायची, "माही नाही. सर्व्यांची आहे." गोपिका नावाच्या सोसायटीतल्या मुलीला तिने सारा कोड शिकवला, आणि आपल्याला कंटाळा आला की काम तिचं, हे चारचौघांसमोर बोलून ठेवलं.

सरांनी नंतर मस्कतहून माफीचं पत्र पाठवलं. तिने ते वाचलं. उत्तर लिहिलं नाही.