मिठाच्या रणात तीन ठोके

सगळ्यांना जयभीम, नमस्कार. मी इथं नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं चुका सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं असलं काही चालत नाही. माझे वडील, म्हणजे आबा, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. गावी, पाचोडजवळ, एका बाईला बाहेरचं लागलंय म्हणून लोकांनी भगत आणला होता. आबांनी भगताला चहा पाजून स्टँडवर सोडलं आणि बाईला दवाखान्यात नेलं. त्या माणसाचा मी मुलगा. इथले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले... आता स्वतःचा लिहितोय आणि सकाळपासून चार वेळा खोडलाय.

आबा पाण्याचा टँकर चालवायचे. मीही त्यांच्याच टँकरवर शिकलो. विहिरीवर भरायला टँकर रिव्हर्स घ्यावा लागतो. आबा मागं उभे राहून हातातल्या पान्यानं टाकीवर ठोके द्यायचे. एकेक ठोका सावकाश, म्हणजे येऊ दे. लागोपाठ तीन, म्हणजे आहे तिथं ब्रेक. "तीन वाजले की पाय दाबायचा. कशाला, काय झालं, ते खाली उतरून विचारायचं." एकदा मी आरशात बघून मगच ब्रेक दाबला, तर मागचं चाक विहिरीच्या काठावर! तेव्हापासून माझ्या डोक्याआधी पाय ऐकतो. रिकाम्या टाकीचा तो घुमणारा आवाज... ठण्ण-ठण्ण-ठण्ण. तो मी कुठंही ओळखीन.

सध्या मी राजस्थानात, जैसलमेरच्या पुढं एका सोलर प्लांटवर टँकर चालवतो. पॅनल धुवायचं पाणी. बायको वैशाली, सहा वर्षांची सम्यका, म्हणजे आमची सम्मी, आणि माझी माय छत्रपती संभाजीनगरला, मुकुंदवाडीत. आबा दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी इथंच होतो. घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत तिघी रेल्वेनं माझ्याकडं आल्या. चार दिवसांतच माय म्हणाली, "बास झाली तुझी वाळू. आता पाणी दाखव." पासष्टीच्या मायनं समुद्र बघितलेला नव्हता. प्लांटवरच्या साहेबांनी स्वतःची गाडी दिली... त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बेत असा, की बाडमेरवरून सांचोरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कच्छमध्ये मांडवीचा समुद्र, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी भुजवरून तिघींची परतीची रेल्वे. म्हणजे समुद्रासाठी एकच संध्याकाळ.

माझा स्वभाव घाबरट आहे. निघताना टायर तीनदा हातानं दाबून बघितले, कागद दोनदा. वैशाली मायला म्हणाली, "आत्या, यांनी गाडीलाच विचारलं असंल, बाई तुझी तब्येत बरी हाय ना?" माय हसता हसता खोकायला लागली.

सांचोरहून पहाटेच निघालो. गुजरातमध्ये संतलपूर सोडलं आणि पुढं ट्रेलरच्या रांगा. कुठंतरी एक उलटला होता म्हणे, तीन तास तरी लागतील. रस्त्याच्या डाव्या अंगाला कच्छचं रण. पांढरं, सपाट, भेगाळलेलं. चाकोऱ्या आत गेलेल्या दिसत होत्या. मोटरसायकलवाले खुशाल उतरून जात होते, आणि लांबवर विजेचे खांब वळून पुन्हा रस्त्याला मिळाल्यासारखे वाटत होते.

"अहो, थांबू की," वैशाली म्हणाली. "समुद्र कुठं पळून चाललाय?"

"समुद्र नाय, दिवस पळतो."

एवढा घाबरट माणूस रणात उतरला कसा? कारण ती जमीन मला ओळखीची वाटली. आमच्याकडं जायकवाडीचं धरण आटलं की तळ असाच भेगाळतो. त्या वाळल्या गाळावर उन्हाळ्यात ट्रॅक्टर फिरतात. आबांनी मला टँकर शिकवला तो तिथंच. जमिनीला भेगा पडल्या म्हणजे ती पक्की, हे माझ्या अंगात मुरलेलं.

"माय, बघ. धरणाच्या तळासारखंच."

"व्हय की," माय म्हणाली. "फकस्त पांढरं."

किलोमीटरभर गेलो असेन. लख्ख ऊन, काचा बंद, एसी चालू. सम्मी शाळेतलं काहीतरी गात होती. आणि मागून आवाज आला.

ठण्ण-ठण्ण-ठण्ण.

मला काही कळायच्या आत पाय ब्रेकवर गेला होता. गाडी जागेवर थांबली. मायचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

"काय झालं? कुत्रं आलं का?" वैशाली ओरडली. तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

सम्मी म्हणाली, "पप्पा, मागं कोण वाजवतंय?"

माय मान वळवून मागच्या काचेकडं बघत होती.

मी उतरलो. मागं माणूस नाही, जनावर नाही. फक्त आमच्या चाकांच्या दोन रेघा. डिकी उघडली. दोन कपड्यांच्या बॅगा, एक ब्लँकेट, टॉवेलात गुंडाळलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. वाजेल असं काही नाही. दगड उडाला असेल म्हणावं, तर त्या मातीत खडासुद्धा नव्हता. मग पुढं काही आहे का बघायला चाललो. आठव्या पावलाला माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

वरचा थर पापडाएवढा. खाली काळा, गार चिखल. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. मी वळून बघितलं... बंपरपासून फक्त आठ पावलं. काचेमागून सम्मी मला हात हलवत होती. मी माझ्याच पावलांच्या ठशांवर पाय देत गाडीकडं परतलो.

तेवढ्यात उजवीकडून एक मोटरसायकल आली. मीठ पिकवणारा म्हातारा होता. लांबून ओरडत होता म्हणे, आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं.

"अरे भाई, ये जमीन गर्मी में पक्की होती है, अभी नहीं! ट्रॅक्टर खा गई है ये." मग माझ्या पायाकडं, गाडीकडं बघून म्हणाला, "तुम रुके कैसे?"

मी विचारलं, "आपने कुछ बजाया क्या?"

त्यानं दोन्ही रिकामे हात दाखवले.

तो म्हणाला, आलात त्याच चाकोरीतून मागं घ्या, वीतभरही इकडंतिकडं नको. वैशाली सम्मीला घेऊन उतरली. पण माझ्याच्यानं स्टिअरिंग धरवेना. तेव्हा माय मागं जाऊन उभी राहिली.

"मी वाजवते. तू ये."

"तुला येतं?"

"तुझ्या बापासंगं पंचेचाळीस साल काढले. ये गप."

तिनं डिकीवर तळहातानं एकेक थाप मारली आणि मी आरशात न बघता मागं येत गेलो. पक्की जमीन लागली तेव्हा तिनं लागोपाठ तीन दिल्या. थप-थप-थप. बिस्किटाचा डबा वाजवावा तसा बसका आवाज. मी खाली उतरलो, म्हाताऱ्याच्या मोटरसायकलच्या पेटीतला पाना मागून घेतला आणि स्वतः ठोकून बघितलं. टक-टक. साहेबांच्या गाडीला बारीक पोचा पडला, पण तो आवाज काही निघाला नाही. निघणार कसा? तो कारचा आवाजच नव्हता. (पोच्याचं साहेबांना नंतर सांगितलं. हसून सोडून दिलं, देवमाणूस.)

म्हाताऱ्यानं झोपडीतून चहा आणून पाजला. त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची हळहळ अजून आहे.

मांडवीला पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर होता. माय लुगडं धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकली. "शी! एवढ्या लांब आणलं, अन् हेबी खारटच."

सम्मी लांब गेल्यावर मी हळूच विचारलं, "माय, तू ऐकलं ना?"

"ऐकलं."

"आबा..."

"गप! तुझा बाप जिंदगीभर भगतांसंगं भांडला. मेल्यावर सोताच भूत व्हायला त्याला लाज नाय का वाटायची?"

आम्ही दोघंही हसलो. मग तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला. आणि म्हणाली, "पण पाना त्याचाच व्हता, मिल्या."

आता मी पुन्हा प्लांटवर आहे. विचार करून थकलो. माझ्या भीतीनंच मला तो आवाज ऐकवला असेल म्हणावं, तर सम्मीनं कसा ऐकला? ती आबांच्या टँकरवर कधी बसलेली नाही. आणि शेजारच्या वैशालीनं का नाही ऐकला?

साहेबांचे आभार मानले. म्हाताऱ्याचे मानले. तुम्ही इथवर वाचलंत, तुमचेही मानतो. एक आभार तेवढे उरलेत. मी तर आबांच्या शिकवणीप्रमाणंच वागलो होतो... तीन वाजले, पाय दाबला, खाली उतरलो. पण उतरल्यावर विचारायचं कोणाला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.