यॉर्गेनपेक्षा एक दिवस जास्त

स्वीडनमधल्या क्रामफोर्सची गुनवोर सोडरमान देवाकडे एकच मागणं मागायची: मला यॉर्गेनपेक्षा एक दिवस जास्त दे. आई असून पोराचं मरण आपल्या आधी मागते? अहो, ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना विचारा. यॉर्गेन जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, "याची बुद्धी वाढायची नाही. संस्थेत ठेवा, विसरून जा, दुसरं होऊ द्या." गुनवोरने त्या शहाण्याकडे पाठ फिरवली आणि पोराला घरी आणलं. आता यॉर्गेन पन्नाशीला आला होता, नवरा कधीच गेला होता, आणि शर्टाची बटणं अजून आईच लावत होती. नगरपालिकेच्या अशा माणसांसाठीच्या वसतिगृहात आठवडाभर ठेवून पाहिलं. माणसं चांगली होती तिथली, पण हा पठ्ठ्या बूट घालून दाराशी बसून राहिला, घास म्हणून घेतला नाही.

म्हणून आरोग्य केंद्रातल्या मारित सिस्टरने रक्त तपासून सांगितलं, "मधुमेह नाही अजून, पण अगदी उंबरठ्यावर आलात," तेव्हा गुनवोरला आपली आई आठवली. तिच्या आईचा याच रोगात आधी पाय गेला होता, मग डोळे. आपलं तसं झालं तर यॉर्गेनला कोण बघणार?

त्या दिवसापासून बाई हट्टाला पेटली. दालचिनीचे बन बंद, कॉफीतली साखर बंद, बटाटा अर्धाच. राय धान्याची कडक भाकरी, हेरिंग मासा आणि कोबी, कोबी, कोबी. जेवण झालं की नदीकाठाने चालायला जायचं, बर्फ असो की चिखल. घरी बोट टोचायची तुम्हाला गरज नाही असं मारित म्हणाली, तरी हिने यंत्र विकत आणलंच. सकाळी उपाशीपोटी यॉर्गेन तिच्या बोटावर सुईचं बटण दाबायचा. तिथल्या मापात आकडा सहाच्या आत हवा.

"ममा, किती?"

"सहा पूर्णांक सहा."

"चांगलं की वाईट?"

"वाईट. पण घाबरू नकोस, मी कुठे जात नाही."

घोडं अडायचं शनिवारी. या देशात पोरांनी गोळ्या-चॉकलेटं खायची ती शनिवारी, एरवी नाही. यॉर्गेनने ही शिस्त पन्नाशीतही मोडली नव्हती. दुकानातल्या उघड्या डब्यांतून छोट्या पळीने एकेक गोळी निवडायची, कागदी पिशवी भरायची, आणि त्यातली सगळ्यांत चांगली ममाला द्यायची. गुनवोर आता ती घेईना.

"नको राजा, ममाची साखर."

"एकच."

"एकानेच सुरुवात होते."

तो गोळी मुठीत धरून बसायचा, चिकट झाली की पिशवीत परत टाकायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा हात पुढे. खरं सांगू का, आठवड्याला एका गोळीने काही आभाळ कोसळत नव्हतं. मारितनेही तेच सांगितलं होतं. पण ऐकेल ती गुनवोर कसली.

हिवाळ्यात यॉर्गेनला न्यूमोनिया झाला. हृदय जन्मापासूनच अधू, त्यात हे. इस्पितळात शनिवार आला तशी तिथल्या एका भल्या नर्सने त्याला पिशवी आणून दिली. धाप लागत होती, तरी त्याने चाचपडून एक लाल गोळी काढली. "ममा." आणि मेल्या सवयीने गुनवोरच्या तोंडून निघून गेलं, "नको राजा, साखर." त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

सोमवारी तो गेला.

दफनानंतरच्या कॉफीला आलेल्या प्रत्येक बाईला गुनवोर एकच सांगत होती, "खायला हवी होती गं मी. काय बिघडलं असतं?" बायका तिचा हात दाबायच्या. त्या दिवसानंतर तिला अन्न गोड लागेना. चालायला मात्र जायची, कारण घरात बसवत नव्हतं.

वसंतात आरोग्य केंद्राची तपासणी आधीच ठरलेली होती, म्हणून गेली. मारितला सगळं ठाऊक होतं. बिचारीला वाटलं, निदान एवढी तरी चांगली बातमी द्यावी.

"गुनवोर, तुमची तीन महिन्यांची साखर अगदी निरोगी माणसासारखी आलीय. माझ्याकडे फार थोड्यांना जमलं हे. अशाच राहिलात तर नव्वदी सहज गाठाल."

"नव्वदी," गुनवोर म्हणाली. "अगं, कोणासाठी?"

मारितने संगणकाकडे तोंड वळवलं आणि पुढची तारीख कधीची देऊ, असं हळूच विचारलं.

"कुठलीही दे," गुनवोर म्हणाली. "मला आता सगळे दिवस मोकळेच आहेत."