शगुफ्ता मॅडम आणि एका दावणीची शेरडं

शगुफ्ता बारामतीच्या कॉलेजात मॅडम झाली त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या शेळगावात तिला मॅडम म्हणणारं माणूस अजून एकच, तिचे वडील. लियाकतभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. लेक सुट्टीला आली की गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मॅडम, जरा तो वरचा खोका काढून द्या." आणि मॅडम स्टुलावर चढून खोका काढून देतात.

लहानपणी आम्ही बायका बांगड्या भरायला गेलो की ही पोर गुडघ्याला चिकटून बसायची. एकदा मला विचारलं, "काकी, काच कशाची करतात?" म्हटलं, तुझ्या बापाला विचार. बाप म्हणाला, वाळूची. झालं. दुसऱ्या दिवशी ओढ्यातली वाळू आणून पोरीनं आईच्या तव्यावर भाजायला घातली. काच काही झाली नाही, तवा तेवढा कामातनं गेला. तिच्या आईनं, ताजबीनं, तिला अंगणभर पळवलं. पळता पळता पोर ओरडत होती, "जाळ कमी पडला गं, अम्मी!" मार चुकवायचा सोडून चूक कुठं झाली ते सांगत होती. तेव्हाच मी म्हणाले होते, ही साधी सरळ संसाराला लागणार नाही. तशी लागली, पण सरळ नाही.

कॉलेजात गेली तर तिथं वेगळीच तऱ्हा. पदवीच्या पोरांनी पुस्तकं वाचायची, पाठ करायची, पेपर लिहायचा. चांगल्या यंत्रांना हात लावायचा तो पुढच्या शिक्षणाला गेलेल्यांनी. हिचा जीव तळमळायचा. एका वयस्कर बाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हिला शनिवारी मागं थांबायला लावलं, शेजारी बसवलं, आपलं चाललेलं काम दाखवलं, चुकलं तर पुन्हा करायला लावलं. त्या बाई आता नाहीत. शगुफ्ता म्हणते, "काकी, पास झाले ती पुस्तकांवर. पण शिकले ती शनिवारी."

म्हणून स्वतः शिकवायला लागल्यावर ती तिथल्या मोठ्या सरांच्या मागं लागली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांनाही खरं संशोधन करायला द्या, प्रत्येकाच्या मागं एक मास्तर उभा राहू द्या. मोठे सर काही वाईट माणूस नाहीत, पण सावध. म्हणाले, "मोठीच पोरं अर्ध्यावर टाकून जातात, ही कच्ची पोरं काय तडीला नेणार?" शगुफ्ता हटेना. शेवटी त्यांनी एक वर्ष दिलं आणि एकच विद्यार्थी दिला. ते काम नीट झालं तर पुढं आणखी पोरं, नाही तर हा विषय बंद.

तिनं निवडली आमची संस्कृती, माझी नात. गावची म्हणून नाही बरं का. वर्गात मॅडमनी काहीतरी विचारलं, बाकीच्यांनी उत्तरं दिली, आणि आमच्या बाईनं उलट मॅडमलाच प्रश्न विचारला. घरात ही खोड आम्हाला नको नको होते, तिथं तिला तिचं बक्षीस मिळालं.

काम असं ठरलं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, आणि ती पूड दुभत्या शेळ्यांच्या खुराकात घालायची. दूध वाढतं का बघायचं. शेळ्या आमच्याच घरच्या. निम्म्या शेळ्यांच्या गळ्यात लाल चिंधी, त्यांना पूड. निम्म्यांच्या गळ्यात पांढरी, त्यांना नुसता भरडा आणि पेंड. सुरू करण्याआधी कॉलेजातल्या कमिटीला लिहून द्यावं लागलं की शेळ्यांना ह्यात काही त्रास होणार नाही. मी संस्कृतीला म्हटलं, "बरं हाय बाई. आमची लग्नं ठरली तवा अशी कमिटी कुठं होती?"

शेळ्यांचं सगळं माझी धाकटी जाऊ सरू बघते. संस्कृती सकाळी काचेच्या मापात दूध मोजायची, मोबाइलात आकडा टाकायची आणि एसटी पकडायची. खुराक घालायचं काम सरूचं. लालला पूड, पांढरीला नाही. सरू म्हणाली, "येवढं काय अवघड हाय? मी काय खुळी हाय व्हय?"

दोन-तीन आठवडे गेले. दूध वाढलं. पण सगळ्याच शेळ्यांचं वाढलं. लालचंही आणि पांढरीचंही, सारखंच. संस्कृती आधी खूश झाली, मग तिचा चेहरा उतरला. मला काही कळेना. म्हटलं, दूध वाढलं की, रडतीस कशाला? तर म्हणाली, "आज्जी, न घालताच वाढलं म्हणजे पुडीनं वाढलंच नाही. हवा बदलली, चारा ओला मिळाला, कशानंही वाढलं असंल. माझं सगळं काम फुकट गेलं. आणि मॅडमचं पण."

तिचं खरं दुखणं ते शेवटचं होतं. आपल्यापायी मागनं येणाऱ्या पोरांचं दार लागणार, आणि ज्या बाईनं शब्द टाकला तिची मान खाली जाणार. पोर जेवेना. कुणा शहाण्या मैत्रिणीनं सल्ला दिला, पांढऱ्या शेळ्यांचे आकडे थोडे खाली सरकव, कोण बघायला जातंय? ते संस्कृतीनं रडत रडत फोनवर मॅडमला सांगूनही टाकलं. मला वाटलं, आता बोलणी खाणार. शगुफ्ता फोनवर एवढंच म्हणाली, "आकडे सरकवायचे न्हाईत. मी येते. मला शेळ्या बघू दे."

रविवारी सकाळी स्कूटीवरनं आली. चहा नको म्हणाली, थेट गोठ्यात गेली, पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. संस्कृती शेजारी उभी, मी दारात. सरूनं पदर खोचला आणि खुराक घालायला घेतला. लाल चिंधीला हिरवी पूड मिसळून, पांढरीला कोरडा भरडा. अगदी सांगितल्याबरहुकूम. शगुफ्ता एकेक घमेलं निरखत होती. 

पांढऱ्या चिंधीची मैना म्हणून एक शेळी आहे, लाडावलेली. तिनं शेजारणीच्या घमेल्याचा वास घेतला, मग सरूकडं मान वळवून असं काही बेंऽऽ केलं की दगडाला पाझर फुटावा. सरूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शगुफ्ता मुद्दाम मोबाइलात बघत होती. सरूनं ओच्यात हात घातला, मूठ बाहेर काढली आणि झटक्यात मैनेच्या घमेल्यात मोकळी केली.

"सरूकाकी," शगुफ्ता मान वर न करता म्हणाली, "ओच्यात काय हाय?"

"कुठं काय? तंबाखू हाय."

"हिरवी तंबाखू? आन् शेळी खाती?"

सरूचं तोंड बघण्यासारखं झालं. पण ती काही गप्प बसणाऱ्यातली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाय पूड! मग? रोज घालती मी. एका दावणीला बांधलेली शेरडं. एकीच्या ताटात गोडधोड वाढायचं आन् शेजारचीनं तोंडाकडं बघत बसायचं? पंगतीत असा दुजाभाव केला तर जेवणारा शाप देतो. मुकं जितराब हाय, बोलत न्हाय म्हणून काय त्याला कळत न्हाय?"

"सरूआज्जी!" संस्कृती किंचाळलीच. "माझं वर्ष घालवलंस तू!"

"तुझं वर्ष गेलं तर फुडं येईल दुसरं. मैनेचा शाप लागला तर फेडायचा कुणी?"

आणि शगुफ्ता हसायला लागली. पाटीवर बसल्या बसल्या डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. मग संस्कृतीचा हात धरून तिला खाली बसवलं. "अगं रडतीस काय? तुझी पूड वाया गेली न्हाय, तुझं मोजमाप चुकलं न्हाय. सगळ्यांना पूड मिळाली, सगळ्यांचं दूध वाढलं. आकडे खरं बोलत होते. आपल्याला तेवढं ऐकू आलं न्हाय."

माझ्या छातीवरचं ओझं निम्मं तिथंच उतरलं. निम्मं राहिलं, कारण गेलेले आठवडे काही परत येणार नव्हते, आणि सरू काही बदलणार नव्हती. संस्कृती म्हणाली, आता खुराक मीच घालते, कॉलेज बुडवते. शगुफ्ता म्हणाली, "कॉलेज बुडवून कॉलेजचं काम करतीस व्हय?" मग सरूकडं वळली.

"सरूकाकी, कालव्याचं पाणी आपल्या रानात रोज येतं का?"

"रोज कशाला यील? पाळीनं येतं."

"मग शेजाऱ्याच्या रानात पाणी असताना तुमचं रान शाप देतं का?"

सरू म्हणाली, "न्हाय. त्याला ठावं असतं, फुडं आपली पाळी हाय."

"तसंच करू. पयले काही दिवस लालला पूड, पांढरीला न्हाय. मग थोडे दिवस सगळ्यांचीच बंद. मग पांढरीला पूड, लालला न्हाय. कुणाचं ताट कायमचं कोरडं न्हाय. चालंल?"

सरूनं विचार केला. मैनेकडं बघितलं. "चालंल. पण आदी पांढरीला."

"बरं, आदी पांढरीला," मॅडम म्हणाल्या. आणि संस्कृतीनं डोळे पुसत विचारलं, "मॅडम, मग प्रत्येक शेळीची तुलना तिच्या स्वतःशीच करता येईल ना?" शगुफ्तानं तिच्या पाठीवर अशी थाप मारली की पोर पुढं झुकली.

आता राहिले मोठे सर. मुदत वाढवून मागायची तर झालं काय ते सांगावं लागणार. संस्कृतीच्या मनात आलं, शेळ्या आजारी होत्या असं सांगू. शगुफ्ता म्हणाली, "शेळ्या ठणठणीत हाईत. उगं कशाला त्यांना आजारी पाडतीस?"

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघी जावाही बारामतीला गेलो. सरूला शगुफ्तानंच बोलावलं होतं. सरू वाटभर म्हणत होती, "आक्का, मला दंड तर करणार न्हाईत?" खोलीत मागच्या बाकावर बसवलं आम्हाला. संस्कृती पुढं उभी राहिली.  तिनं सगळं सांगितलं. ओच्यासकट.

खोलीत हशा पिकला. मोठे सर हसले नाहीत. म्हणाले, "मग ह्यात चूक कुणाची धरायची?"

सरूनं माझा हात घट्ट पकडला.

संस्कृती म्हणाली, "माझी, सर. मी आज्जीला काय करायचं ते सांगितलं. का करायचं ते सांगितलं नाही."

"आणि माझीही," शगुफ्ता कडेच्या खुर्चीवरनं उठून म्हणाली. "तिनं ते सांगितलंय का, हे मी तिला विचारलं नाही. आता रोज विचारते."

मोठे सर थोडा वेळ कागद चाळत बसले. एवढ्या वेळात माझे सगळे देव बोलावून झाले. मग म्हणाले, "मोठ्या पोरांत आकडे जुळले नाहीत तर काय काय सारवासारव होते, ते मी इतकी वर्षं बघतोय. ही सरळ सांगतेय. घ्या मुदत. आणि शगुफ्ता मॅडम, पुढच्या वर्षी किती पोरं घेणार, तेही लिहून द्या. एकटीनं सगळी घेऊ नका, बाकीच्या मास्तरांनाही कामाला लावा."

सरू मोठ्यानं म्हणाली, "चांगलं झालं बया!" आणि मग तिलाच लाज वाटली.

दोन्ही पाळ्या पुऱ्या झाल्या. पूड चालू असताना दूध वाढतं, हे दिसलं. फार नाही, थोडंच. मी म्हटलं, येवढ्यासाठी येवढा खटाटोप? शगुफ्ता म्हणाली, "थोडं हाय, पण खरं हाय." पुढच्या वर्षाची पोरंही ठरली, प्रत्येकाच्या मागं एकेक मास्तर.

शेवटचं मोजमाप झालं त्या दिवशी ती आमच्याकडंच जेवली. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी. हात धुऊन सोप्यात घोंगडीवर जरा टेकते म्हणाली, आणि टेकली ती झोपलीच. दुपारभर. इतक्या वर्षांत मी तिला दिवसा डोळा मिटताना कधी बघितलं नव्हतं. कॉलेजातनं फोन आला तर संस्कृतीनं तो उचलून हळूच सांगितलं, "मॅडम कामात आहेत." सरूनं कोंबड्या हाकलल्या, दाराला पडदा ओढला. आम्ही तिघी बाहेर ओट्यावर शेंगा सोलत बसलो. आतनं घोरण्याचा बारीक आवाज येत होता, आणि त्या आवाजानं आम्हालाच किती बरं वाटत होतं.