तिकिटावर एक नाव, कार्डावर दुसरं

धाकट्या जावेनं क्रूझचं तिकीट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पाच-सहा छापील पानं, कोपऱ्यात पिन मारलेली, आणि पहिल्याच पानावर जहाजाचं चित्र. जहाज कसलं, दहा-अकरा मजल्यांची इमारतच होती ती.

"ताई, एवढं बघून द्या की," ती म्हणाली. "कुठली कुठली कागदं लागत्यात ते लिवलंय त्यात. आन् ही आमची दोघांची आधार कार्डं. तुमच्या नजरंखालनं गेलं म्हणजे मला घोर न्हाय."

घरातलं कुठलंही कागदपत्र माझ्या नजरेखालून जातंच. बत्तीस वर्षं मी इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, त्यातली नावं, जन्मतारखा, सगळं माझ्या हातचं. एक वेलांटी चुकली तरी मी दाखला फाडून नवा लिहायची. त्यामुळं पॅनकार्ड असो नाहीतर रेशनकार्ड, भावकीतला जो तो उठतो आणि माझ्याकडे येतो. सहलीला चल म्हणायला मात्र कुणी येत नाही.

माझ्या दिरांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. त्यांचा पोरगा पुण्यात नोकरीला. आईबापाच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्यानं त्यांना मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत यायची क्रूझ भेट दिली होती. चार रात्री, आणि खोलीला बाल्कनी. "बाल्कनी समुद्राच्या बाजूला हाय म्हणं," जाऊ म्हणाली. समुद्राच्या बाजूला नाही तर काय एस.टी. स्टँडच्या बाजूला असणार होय, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या. मलाही पाणी बघायचं होतं की. शाळेत नोकरीला असताना मी पासपोर्ट काढून ठेवला होता, रिटायर झाल्यावर दोघांनी कुठंतरी जाऊ म्हणून. दहा वर्षांनी त्याची मुदत संपली, आतली सगळी पानं कोरीच. आमच्या ह्यांना कुठं जायचं म्हटलं की गुडघे दुखतात. क्रूझचं सांगितलं तर म्हणाले, "पानीच बघायचं न्हवं? रंकाळा हाय की." आणि पेपरात तोंड घातलं.

तर मी चष्मा लावला आणि पानं वाचायला घेतली. नियम सरळ होते. प्रत्येकाचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, तेही मूळ. झेरॉक्स चालणार नाही, मोबाईलमधला फोटो चालणार नाही. तिकिटावर जे नाव तेच ओळखपत्रावर, अक्षरन् अक्षर. तसं नसेल तर जहाजावर चढू दिलं जाणार नाही. नावात दुरुस्ती करायची तर निघायच्या दोन दिवस आधीपर्यंत.

दिरांचं कार्ड बघितलं. जुळलं. मग जावेचं बघितलं.

तिकिटावर तिचं सासरचं नाव होतं. आधार कार्डावर माहेरचं. आडनाव आमचंच, मधलं नाव नवऱ्याचंच, पण पहिलं नाव साफ वेगळं. बंदरावरच्या माणसाच्या हिशेबानं त्या दोन वेगळ्या बायका होत्या.

आमच्या घरात लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यामुलानं अंगठीनं त्यात नवं नाव काढायचं. माझं सासूबाईंनी बदललं. धाकटीच्या वेळी सासूबाई मला म्हणाल्या, "तू शिकल्याली हाईस, तूच सुचीव." ही गडहिंग्लजकडची, उंच, नाकीडोळी नीटस, आणि नाव तर असं गोड की मांडवातल्या बायका ते उगीचच पुन्हा पुन्हा घेत होत्या. मी पाच वर्षांची जुनी सून, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आमच्या ऑफिसात एक महाखडूस बाई होत्या, सगळ्यांवर डाफरायच्या. मी त्यांचं नाव सुचवलं. दिरांनी ते तांदळात काढलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुचवलं मी हे सगळ्यांना माहीत आहे. ते कुणाचं होतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं तिचा पोरगा आमच्या शाळेत घालायच्या वेळी रजिस्टरला आईचं नाव म्हणून तेच मी माझ्या हातानं लिहिलं. तेच त्याच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर गेलं. म्हणजे घोळ कुठून कुठं आला, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं.

"हाय न्हवं बरोबर?" जावेनं विचारलं.

मी पानं नीट जुळवली, कार्डं वर ठेवली. "सगळं बरोबर हाय," मी म्हटलं. "मूळ कार्डं तेवढी विसरू नका."

तो सोमवार होता. जहाज रविवारी निघणार होतं. सोमवार आणि मंगळवार माझे झकास गेले, लाज वाटते सांगायला. धुणं वाळत घालताना मी मुंबईचं बंदर बघत होते. काउंटरवरची पोरगी कार्ड बघते, तिकीट बघते, नकारार्थी मान हलवते, आणि आमची जाऊ गवताची टोपी घालून तिच्यासमोर उभी. टोपी तिनं खरंच घेतली होती. तिचा फोटोही पाठवला होता मला, टोपी घालून आरशासमोर काढलेला. मी त्याच्याखाली अंगठा दाबला आणि फोन पालथा ठेवला.

बुधवारी मात्र माझं डोकं पुढं पळालं. बरं, परत आली, मग काय होईल? सगळी भावकी तिला भेटायला जाणार. "अगं बाई, बंदरावरनं परत पाठवलं?" करून तिला गोंजारणार. वर्षभर तोच विषय. पोरगं म्हणणार, "मम्मी, रडू नको, आपण सिंगापूरला जाऊ." म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं तिला लक्षद्वीपच्या जागी सिंगापूर मिळणार! अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि मग कुणीतरी विचारणारच, कागद कुणी तपासले होते? बत्तीस वर्षांत माझ्या हातून नावाची चूक गेली नव्हती.

हे सगळं खरं. पण त्याच दिवशी संध्याकाळी तिनं डब्यातून धपाटी पाठवली, वर चिठ्ठी: 'जायच्या गडबडीत पुन्हा करणं होणार नाही, म्हणून आत्ताच.' ती धपाटी काही मला खाववेनात. ह्यांनीच संपवली.

गुरुवारी सकाळी रिक्षा करून तिच्या बंगल्यावर गेले. हॉलमध्ये बॅग उघडी पडली होती आणि ती पंजाबी ड्रेसच्या घड्या घालत होती. मी चप्पल काढता काढताच बोलले, नाहीतर परत फिरले असते. "तिकिटावर तुझं नाव चुकलंय. कार्डावर दुसरं हाय. चढू द्यायची न्हाईत."

ती घड्या टाकून उठली. दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. "आगं आई गं," म्हणाली आणि सोफ्यावर बसली. "सोमवारी बघितलासा न्हवं तुम्ही?"

"चष्मा न्हवता," मी म्हटलं.

तिनं पोराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पोरगं उलट माझीच समजूत काढायला लागलं. "मोठी आई, मम्मीच्या आधारवर नाव चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी पडलंय. म्हणून तर मी तिकिटावर बरोबर टाकलं. माझ्या सर्टिफिकेटवर हाय तेच."

"दुसऱ्या कुणाचं न्हाय ते," जाऊ म्हणाली. "माझंच हाय."

पोराचा तरी काय दोष? आजोळी तिला सगळी अक्का म्हणायची, कानडी मुलखाला लागूनच गाव ते. आजी-आजोबा तो रांगत असतानाच गेले. सत्तावीस वर्षांच्या पोराला आईचं नाव तिकीट चुकल्यावर कळत होतं. "मग मला कधी बोलली का न्हाईस?" तो म्हणाला. "कुणी इचारलं न्हाय," ती म्हणाली.

कार्ड बदलायला दिवस लागतात. तिकिटाची दुरुस्ती तासाभरात होते. पोरानं फोनवरूनच केली आणि नवा कागद पाठवला. तेवढ्यात तिनं चहा ठेवला, मी विचारलं, "बाकी सगळीकडं सासरचं लावलंस, मग आधारवरच हे कसं?"

"कॅम्प लागलावता बघा शाळेत," ती म्हणाली. "दहावीचं सर्टिफिकेट आन् लग्नाचा दाखला घेऊन एकटीच गेलते. तिथल्या पोरीनं इचारलं, नाव काय? आन् जवळ कुणी न्हवतं, ताई. सांगून टाकलं."

मी चहा प्याले. माझं नाव मी कसं बदललं होतं, ते मला आठवत होतं. नोकरीला लागल्यावर रीतसर अर्ज करून, राजपत्रात छापून. शाळेत कागद चोख लागतात, म्हणून मीच धडपड करून ते केलं. माझी सगळी कागदपत्रं आज एकाच नावाची आहेत. एक काना इकडचा तिकडं नाही. मला कुठल्याही जहाजावर चढू देतील.

रविवारी ती गेली. चार दिवस फोनवर फोटो येत राहिले. बाल्कनी आली, निळं पाणी आलं, ताटात कलिंगडाचा कोरलेला पक्षी आला. दीर अर्ध्या चड्डीत आले. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघितला आणि प्रत्येकात काहीतरी वाईट शोधलं. पक्षी मला बदकासारखा दिसला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. रापली होती आणि छान दिसत होती, हे आणखी एक. गळ्यात निळी फीत, तिला प्लास्टिकचं कार्ड. घरी येऊनही काढलं नव्हतं. "हे बघा," म्हणाली. जहाजाचं कार्ड. त्यावर तिचं नाव, माहेरचं.

"दरवाज्यात एक जण उभा असायचा, ताई. कार्ड मशीनला लावलं की म्हणायचा, वेलकम मॅडम, आन् पुढं माझं नाव. जेवायला गेलं की तेच, खोली झाडायला आला की तेच. पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतोय म्हणून. चार दिवस समदी माझ्या नावानं हाक मारत हुती मला."

तेव्हा मला तिचा खरा हेवा वाटला. आधीचा तो काहीच नव्हता. मला बाल्कनी नको होती, समुद्र नको होता. ती निळी फीत तिच्या गळ्यातून ओढून घ्यावी असं वाटलं मला, साठ वर्षांच्या बाईला.

"तुमच्यामुळं गेले मी," ती म्हणाली. "न्हाईतर बंदरावरनंच परत."

हे ऐकवेना. "मला चष्मा होता त्या दिवशी," मी म्हटलं.

"ठाऊक हाय की. नाकावरच हुता."

"मग बोलली न्हाईस ते?"

"गुरुवारी आलासा न्हवं तुम्ही सांगायला," ती म्हणाली आणि फितीशी चाळा करत बसली. मग एकदम म्हणाली, "ताई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या जावा. तिनं कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि सासरचंच नाव बाहेर पडलं.

"हे न्हाय," ती म्हणाली. "पयलं."

आईवडील गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. भावांना मी ताई, शाळेत मॅडम, इथं वहिनी नाहीतर मोठी आई. मी ते हळूच सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. तिनं दोनदा म्हणून बघितलं. "माझ्यापरास चांगलं हाय की हो," म्हणाली. मला बरं वाटलं. ऑफिसातल्या खडूस बाईंचं सांगायचं तेव्हाच मनात होतं, पण धीर झाला नाही. तेवढं राहिलंय.

ती निघाली. मी कपबशा घेऊन आत गेले. फाटकाशी जाऊन तिनं मोठ्यानं हाक मारली. माझ्या कानावर पडली, पण मी कप विसळतच राहिले. तिनं पुन्हा मारली.

हॉलमध्ये ह्यांनी पेपर खाली केला. "कोण गं ही?" म्हणाले. "कुणाला हाका मारतीया?"

"मला," मी म्हटलं, आणि ओल्या हातानं बाहेर गेले.