एकच पिशवी घेऊन चारठाण्याकडे

नाशिकरोडच्या फलाटावर उभी असताना मी सारखी पाठीमागे हात नेऊन चाचपत होते. पाठीवर शाळकरी मुलांची असते तेवढी एक पिशवी. बस्स, एवढंच! माझा विश्वासच बसत नव्हता. मी प्रवासाला निघाले की अर्धा संसार माझ्याबरोबर निघायचा: उशी, इस्त्री, लाडवांचा डबा, एकदा तर पुरणयंत्रसुद्धा. पण गेल्या वर्षी उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आता वजन उचलणं विसरा." घरच्यांनी त्याचा अर्थ "आता एकटीनं फिरणं विसरा" असा घेतला.

मला तो मान्य नव्हता. साठी उलटलेली बाई हमाल न करता, कुणाला "जरा धरता का" न म्हणता, चार दिवस फिरून येऊ शकते की नाही, ते मला बघायचं होतं. नाहीच जमलं तर यापुढे मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तो नेईल तिकडे जायचं, हेही मनाशी कबूल केलं होतं. पिशवीत एक जादा कुर्ता-सलवार, टॉवेलाऐवजी पंचा, औषधं आणि साबणाची अर्धी वडी. जायचं होतं परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याला, तिथली जुनी दगडी देवळं बघायला.

पहिला घोटाळा पहाटेच झाला. डोळा लागला आणि परभणी मागे गेली. समोरचे गृहस्थ हळहळले, "मावशी, तुमचं परभणी गेलं की!" सुदैवानं पुढच्याच पिंगळी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. पूर्वीची मी असते तर बाकाखालच्या बॅगा ओढेपर्यंत गाडी पूर्णेला पोचली असती. आता उठले, पिशवी अडकवली आणि खाली उतरले. इतकं सोपं! मला एकटीलाच हसू फुटलं.

स्टेशनाबाहेर टपरीवर एक बाई तव्यावर धपाटे (ज्वारीच्या पिठाचे, थालीपिठाच्या जातीचे) थापत होती. बाजूला हरभऱ्याचं हिरवंगार रान, त्यावर दव, आणि काळ्या मातीचा ओलसर वास.

"कुठनं आलाव मावशी?" तिनं विचारलं.

"नाशिकहून."

"अन् सामान?"

मी पाठ वळवून दाखवली.

"येवढंच? माय माय, माहेरी आल्यावानी आलाव की!" ती खळखळून हसली आणि माझ्या धपाट्यावर दह्याचा आणखी एक चमचा ओतला. दह्यानंही तिखट आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसरं मागून घेतलं.

रिक्षानं परभणी गाठली आणि तिथून चारठाण्याच्या वाटेवरच्या जिंतूरची एसटी. माझ्या शेजारी बसायला एक तरुण बाई आली ती बसमध्ये जणू बिऱ्हाडच घेऊन आली. एक पत्र्याची पेटी, दोन गाठोडी, कडेवर तान्हं पोर आणि बोटाला धरलेली चारेक वर्षांची मुलगी. तिचं नाव सुनंदा. पालमहून पहिल्या गाडीनं निघाली होती आणि बोरीला भाचीच्या लग्नाला चालली होती.

"मालक कालच गेलेत हळदीला," ती सांगू लागली. "मलाबी संगं जायचं होतं. पर शिवणारीनं ब्लाउज आज पहाटे हातात दिला. मामाकडची पिवळी साडी हाय ना, ती माझ्यापाशीच हाय. ती नेसल्याबिगर पोरगी मांडवात कशी येईल?" असं म्हणून तिनं पदराखालचं कागदी पुडकं छातीशी आणखी घट्ट धरलं.

बस निम्म्या वाटेवर एका ओढ्याशी थांबली. पुलाचं काम चाललं होतं. कंडक्टर ओरडला, "उतरा सगळे! पल्याड दुसरी गाडी हाय. चालत जावा, बिगीबिगी!"

ओढ्यात पाणी नव्हतं, पण फुफाटा (मऊ धूळ) घोट्याएवढा. लोक भराभरा उतरून पुढे गेले. सुनंदा पेटी डोक्यावर घ्यायची तर पोर रडायचं, पोर घ्यायची तर मुलगी खाली बसायची. मी डाव्या हातानं मुलीचं बोट धरलं, पण गाठोडं उचलायला गेले तशी खांद्यात कळ आली. तेवढ्यात पलीकडच्या बसचं इंजिन सुरू झालं. हॉर्न वाजला. तिथल्या ड्रायव्हरला, मागे अजून कोणी आहे, हे ठाऊकच नसावं.

सुनंदाचा चेहरा उतरला. क्षणभर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ते पुडकं माझ्या हातात कोंबलं. "ताई, तुमी मोकळ्या हाव. तुमी पळा! माझं ऱ्हाऊ द्या, ही साडी तेवढी पोचवा. बोरीच्या स्टँडवर मालक उभे असतील."

ओळख होऊन अर्धा तास झाला होता. तिला माझं नावही माहीत नव्हतं.

मी पळाले. किती वर्षांनी पळत होते कोण जाणे! पाठीवर पिशवी टुणटुण आपटत होती, नाकातोंडात धूळ जात होती आणि छाती भात्यासारखी चालली होती. चढ चढून वर आले तर बस हलायला लागलेली. मी सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातात पुडकं उंच धरलं.

करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ बाई! मरायचंय का?"

"मामाकडची साडी आहे!" मला धड बोलताही येईना. "नवरीची... मामी... मागे राहिलीये!"

यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. बसमध्ये एकदम कालवा झाला. "थांबा हो, नवरीची साडी हाय!" "मामी मागं ऱ्हायली!" एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "अरं बघत काय बसलाव? जावा की!" चारपाच माणसं धडाधड उतरून ओढ्याकडे धावली. मघाशी ओरडलेला ड्रायव्हर त्यांच्या पुढे होता. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सुनंदाची मुलगी बसली होती आणि दोन्ही हातांनी त्याचे केस धरून हसत होती.

सुनंदा धापा टाकत वर आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. "बेजार झाले बघा ताई. आता तुमी जिंतूरला जायचं न्हाई. लग्नालाच यायचं."

"अगं, पण माझ्याकडे नेसायला काही नाही."

"माझ्यापाशी हाय की! पेटी कशाला वागवायलेय मी?"

बोरीच्या स्टँडवर तिचा नवरा रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होता. बायको दिसल्यावर त्याचा रागवायचा बेत असावा, पण अख्खी बसच "साडी आली, साडी आली" म्हणून ओरडत असल्यावर तो काय रागावणार!

मांडवाच्या मागच्या खोलीत नवरी मुंडावळ्या बांधून वाट बघत बसली होती. दोघीतिघींनी तिला भराभर साडी नेसवली. ब्लाउज अगदी बेतशीर बसला. दुसऱ्या कोपऱ्यात सुनंदानं पेटी उघडून मला एक जांभळी साडी दिली. तिचं पोलकं माझ्या अंगावर दुपटीनं ढगळ होतं, ते पाठीमागून पिनांनी आवळलं. पाचच मिनिटांत मी पाहुणीची घरची झाले. मंगलाष्टकं सुरू झाली, मामा भाचीला घेऊन आला, आणि मी कुणाच्या तरी सासूबाईंना टेकून उभी राहून अक्षता टाकल्या. नंतर पंगतीत बुंदी, पुऱ्या आणि वांग्याची झणझणीत भाजी. वाढणाऱ्याला कुणीतरी बजावलं, "त्या बाईला पोटभर वाढ. तिनं एसटी अडवली!"

चारठाणा गाव दुसऱ्या दिवशी पाहिलं. सकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या दगडाचा तो उंच स्तंभ आणि त्यावरचं नक्षीकाम बघताना मी मान वर करून करून थकले. एका देवळाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. आजूबाजूला करडईची पिवळी रानं, वर पोपटांचा गलका. चार दिवस हवे तिथे उतरले आणि हवं तितकं चालले. रोज संध्याकाळी कपडे धुऊन दोरीवर टाकत होते. सकाळी ते वाळलेले असत आणि मी निघायला मोकळी.

परतीच्या बसमध्ये चिक्कार गर्दी होती. मला खिडकी मिळाली. एका थांब्यावर एक बाई लेकरू घेऊन चढली. तिला उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या मांडीवर बोचकं, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या पोतं. मग तिची नजर माझ्याकडे आली. काही न विचारता तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि वरचा दांडा धरला. ते माझ्याकडे टकामका बघत राहिलं, मग कुर्त्याचं बटण मुठीत धरून झोपलं. परभणी येईपर्यंत मी हलले नाही.