वासुदेवची तडीपारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी चहात चोरून घातलेली साखरसुद्धा तिला कळते. सांगण्यासारखं आहे तरी काय म्हणा? एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची गोष्ट. ऐकून तुम्ही कदाचित हसाल. हसा. मीही सुरुवातीला ती हसण्यावारीच नेली होती.

संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेची दहावीची तुकडी तीस वर्षांनी एकत्र आली ती फोनवर. कुणी सुरतेला, कुणी पुण्याला, बरेच जण अजून गावातच. ग्रुपचं नाव 'दहावी ब ग्रामपंचायत'. नुसतं नाव नाही, कारभारही तसाच. दर महिन्याला सरपंच निवडायचा. सकाळी फुलांचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हणणाऱ्यानं सरपंचांना माफीचा अर्ज लिहायचा — 'विषय' आणि 'महोदय' यांच्यासकट. आणि फारच मोठा गुन्हा असेल तर तडीपारी. मतदान घेऊन त्या माणसाला ग्रुपबाहेर काढायचं. महिना झाला आणि त्यानं स्वतः विनंती अर्ज पाठवला की परत घ्यायचं. पंचेचाळिशी उलटलेली, पोराबाळांची माणसं आम्ही. पण या खेळात किती रंगायचो!

फोनवरच्या मतदानात कुणी कुठं बोट ठेवलं ते सगळ्यांना दिसतं. त्यावरून एकदा दोघांचं वाजलं, तेव्हा ठरलं की तडीपारीचं मतदान गुप्त हवं. प्रत्येकानं आपलं मत निवडणूक अधिकाऱ्याला खासगीत कळवायचं, त्यानं मोजून निकाल लावायचा. अधिकारी कोण? मी. मी जळगाव जामोदला प्राथमिक शिक्षक. खऱ्या निवडणुकांची ड्यूटी केलेला माणूस. त्या कामात माझ्याकडून कधी एका मताची चूक झालेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कसं सांगतोय कोण जाणे.

आणखी एक नियम होता. कुणी कुणाला मत दिलं हे कुणीही विचारायचं नाही, सांगायचं नाही. जो सांगेल तो तडीपार. हा नियम मीच सुचवला होता. सगळ्यांनी अंगठे दाखवून मंजूर केला.

आता वासुदेव. गावात त्याचा भाजीपाल्याचा मळा, आणि आठवडी बाजारात तो स्वतः बसतो. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवायचा — मागे बाजाराचा गलका आणि मध्येच एखाद्या बाईशी वांग्यांवरून हुज्जत. लोक ते ऐकायची वाट बघत. आणि मी? मी कविता लिहितो. ग्रुपवर टाकायचो. दोन अंगठे यायचे, त्यातला एक बहुतेक चुकून.

एके दिवशी वासुदेवनं माझी कविता वाचून दाखवली. ज्या सुरात तो वांगी विकतो, त्या सुरात, भर बाजारातून. माझ्या चंद्रकोरीचं त्यानं काय केलं ते इथं लिहीत नाही. तीन दिवस ग्रुप हसत होता. मीही हसणारा चेहरा टाकला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं — हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर जास्त लागलं. मग सुरतेच्या मित्रानं गमतीनं ठराव मांडला: साहित्याचा घोर अपमान केल्याबद्दल वासुदेवला तडीपार करण्यात यावं.

दोन दिवस मतं येत राहिली. शाळेच्या मधल्या सुट्टीत, पोरं खिचडीच्या रांगेत उभी असताना, मी ती मोजली. ठेवा — एकोणीस. काढा — आठ. त्या आठात एक मत माझं.

आलं का लक्षात?

मी ग्रुपवर लिहिलं: काढा एकोणीस, ठेवा आठ. आकडे खरेच होते, मी फक्त त्यांच्या जागा बदलल्या. खाली लिहिलं, 'निवडणूक अधिकारी'. आणि ताटल्या धुतल्या का ते बघायला गेलो.

मला वाटलं होतं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. अर्ज करेल, येईल परत. वासुदेवनं एकच वाक्य बोलून पाठवलं — "जनतेचा कौल मान्य हाय बाप्पा" — आणि स्वतःच बाहेर पडला. आवाज हसरा होता. महिना झाला, अर्ज आला नाही. दोन महिने झाले. सरपंचांनी चार वेळा विचारलं, अर्ज आला का? मग विचारणं थांबलं.

तो का आला नसेल, तुम्हीच सांगा. ज्यांच्याबरोबर बाकावर बसलो त्यातले एकोणीस जण गुपचूप म्हणतात की हा नको — असं ऐकल्यावर माणूस अर्ज करील? आणि इकडे काय झालं? ज्या एकोणीस जणांनी 'ठेवा' म्हटलं होतं, त्यातल्या प्रत्येकाला वाटलं की आपण त्या आठातले. बाकीच्यांनाच तो नको आहे, मग आपण कशाला बोलायचं? नियम होताच. माझा.

मी त्याला फोन केला. खरं सांगायलाच केला होता — निदान आता तरी मला तसं वाटतं. पण त्याचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, "माझं मत तुझ्या बाजूनं होतं." तो म्हणाला, "मास्तर, तुह्यावर तं मी हसलो होतो बे. अन् तूच माह्या बाजूनं?"

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. दोन वर्षं झाली. मळ्यातलं सांगतो, गुडघ्याचं सांगतो, माझ्या कविता मागून घेतो आणि नीट ऐकतो. गावात तुकडीतलं कुणी समोरून आलं तर तो रस्ता बदलतो, हेही त्यानंच सांगितलं. फोन उचलला नाही तर तो काळजीनं घरी येतो, एकदा आलाच — पिशवीभर भाजी घेऊन. ग्रुपवर माझी निवड दर वर्षी बिनविरोध होते. 'मास्तरांसारखा निःपक्ष माणूस नाही.' मी एकदा राजीनामा दिला. त्यावर मतदान झालं आणि तो नामंजूर झाला. ती मतंही मीच मोजली.

इथवर सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

रविवारी फोन आला. म्हणाला, "मास्तर, त्या आठ जणायची नावं सांग. ज्यायनं मले ठेवाले मत देल्लं. पत्रिका त्यायलेच देतो. बाकीच्यायले उगाच काऊन अवघडवाचं?" मी गुप्त मतदानाची सबब पुढं केली. तो हसला. "मी तं गटातच नाही आता. मले आणखी कुठून तडीपार करशीन?"

खरं सांगायची ती वेळ होती. आणखी किती सोपी वेळ यायला हवी होती? मी नावं सांगितली. पहिलं माझं. बाकीची सात एकोणिसांतलीच होती, पण ती मी निवडून घेतली — सुरत, पुणे, नाशिक. लांब राहणारी. जी लग्नाला येण्याची शक्यता कमी, आणि आली तरी घाईत परतणारी. गावातलं एकही नाव घेतलं नाही. गावातली माणसं मांडवात बसली असती, बोलली असती.

तो लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "सुलोचना नाही का याच्यात? ती तं मले म्हणे, मी तुलेच मत देल्लं."

सुलोचना आमच्याच तुकडीतली, गावातच दिलेली, शिवणकाम करते. तिचं मत अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'ठेवा' एवढं लिहून ती थांबली नव्हती. पुढं लिहिलं होतं — 'वासुदेव गेला तं गटात आयकाचं काय?' सगळ्या तुकडीत ती एकटी नियम मोडून त्याच्या दारात गेली होती, त्याला खरं सांगायला.

मी काही बोललो नाही. एवढंच केलं. गप्प राहिलो.

"समजलो," तो म्हणाला. "तोंडावर गोड बोलाची रीतच असते."

लग्नाला तुकडीतले माझ्याशिवाय दोघेच आले. वासुदेवनं मला जावयापुढं उभं केलं आणि म्हणाला, "हे मास्तर. सारे एकीकडं होते तवा हे माह्याकडं होते." जावई वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. कुठल्या तोंडानं, ते विचारू नका.

वरात सुलोचनाच्या घरावरून गेली. ती दारात उभी होती, पोरीला बघायला. वासुदेवनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ती मला भेटली. "भाऊ," ती म्हणाली, "त्याच्या पोरीचं पहिलं झबलं मीच शिवलं होतं. मले काऊन नसन बलावलं?"

मी म्हणालो, गडबडीत राहून गेलं असेल.

"हाव," ती म्हणाली, "राह्यलं असन." आणि माझी बस येईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिला सांगितलं नाही. बस आली, मी चढलो, आणि खिडकीतून तिला हात केला.